खापराविना मांडे: सहलीत झालेल्या फसवणुकीबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : सहलीत खापरावरच्या मांड्यांचे वेगळे पैसे घेऊन तव्यावरच्या तयार पोळ्या वाढल्याबद्दल.

महोदय,

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या आठवड्यात आम्ही पाच जण तुमच्या खान्देशातल्या दोन दिवसांच्या खाद्यसहलीला आलो होतो. मी, माझे यजमान, धुळ्याच्या सासूबाई आणि बेळगावहून आलेली माझी बहीण व तिची मुलगी. माणशी ४,२०० रुपये भरले. त्याशिवाय 'शेतातल्या घरी चुलीवर, खापरावर मांडे करताना पाहा आणि गरम गरम खा' या कार्यक्रमाचे माणशी ६५० रुपये वेगळे घेतले. मांडा म्हणजे आमच्याकडची हातावर पसरवलेली पातळ, मोठी पुरणपोळी; ती चुलीवर उपड्या ठेवलेल्या मातीच्या भांड्यावर, म्हणजे खापरावर भाजतात. माहितीपत्रकात खापरावर मांडा टाकणाऱ्या बाईचा फोटोही आहे. बहीण आली ती तो फोटो पाहूनच.

सहलीत जे चांगलं मिळालं, तेही सांगते. पहिल्या दिवशी बऱ्हाणपूरला मावा जलेबी खाल्ली. जाड, काळपट तपकिरी, आतून मऊ. भाची म्हणाली, "मावशी, ही जलेबी आहे की गुलाबजाम?" प्रश्न बरोबरच होता, तिच्यात मावाच असतो. दुकानदाराने न मागता दराबा चाखायला दिला. रवा, साखर आणि तूप फेटून फेटून इतका हलका केलेला की जिभेवर ठेवताच विरघळला. बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असलं तरी फारुकी सुलतानांच्या काळात खान्देशची राजधानी होतं, हे बहिणीला मी तिथेच, तापीच्या काठावर सांगितलं.

परतताना रावेरजवळ तुमच्या चालकदादांनी आपणहून गाडी थांबवली. एका छोट्या दुकानात केळीच्या गरम हलव्यावर मलई कुल्फीची जाड चकती ठेवून देत होते. कुल्फी कडेने वितळून हलव्यात मुरत होती. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिचं असं काही होऊ शकतं हे जळगावात जन्म काढूनही मला ठाऊक नव्हतं. आम्ही दोनदा मागवलं. दुकानाच्या पाटीवर साधं लिहिलं होतं, 'केळी हलवा कुल्फी'. जे लिहिलं तेच वाटीत होतं. चालकदादांबद्दल आमची काडीचीही तक्रार नाही, त्यांना याचा त्रास होऊ नये.

तक्रार दुसऱ्या दिवसाची आहे. शेतातल्या घराऐवजी आम्हाला महामार्गावरच्या एका हॉटेलात नेलं. तिथे चूल नव्हती, खापर नव्हतं, मांडे करणारी बाईही नव्हती. काचेच्या बशीत मैद्याच्या जाडसर, तळहाताएवढ्या गोड पोळ्या आल्या. मधोमध घडी, वर रबडी आणि चॉकलेटचा ओघळ. वाढपी म्हणाला, "हे आपले फ्यूजन मांडे." एक कड उलटून पाहिली, तर तव्याचे सारखे गोल डाग होते आणि मधला भाग गार होता. तयार पोळ्या आत नुसत्या गरम केल्याचं वाढप्याने मान्य केलं. सासूबाईंनी एक घास घेऊन बशी सरकवली. "हाऊ काय मांडा शे?" एवढंच बोलल्या.

वय अठ्ठ्याहत्तर. त्यांनी आयुष्यभर आखाजीला मांडे केले आहेत. चाळून घेतलेली गव्हाची कणिक पाणी लावून तिंबत राहायची, इतकी की धरून ओढली तर तुटण्याआधी लांबते. पुरण भरलेला उंडा थोडा लाटायचा आणि मग दोन्ही हातांवर झेलत, कोपरापर्यंत पसरवत न्यायचा. एका हातावरून दुसऱ्या हातावर जाता जाता तो एवढा पातळ होतो की पलीकडचा जाळ त्यातून दिसतो. मग एका झटक्यात उपड्या खापरावर. फाटला तर गेला. घडी घालून, तूप सोडून, आमरसाशी खायचा. माहेरी आलेल्या लेकींना पहिला मांडा मिळायचा. बहिणीने हेच पाहायचं म्हणून बेळगाव सोडलं होतं.

फ्यूजनला माझा विरोध नाही. रबडी-चॉकलेटची पोळी म्हणून ते दिलं असतं, तर भाचीने आवडीने संपवलं असतं. तिला मांडे म्हणायचं, खापराचा फोटो छापायचा आणि ६५० रुपये घ्यायचे, हे मला मान्य नाही. हॉटेलच्या माणसाने वर "मांडे करणाऱ्या बायका आता कुठे मिळतात?" असं विचारलं. त्या आहेत. आमच्याच गल्लीत दोघी जणी लग्नाकार्याच्या ऑर्डरी घेतात. तुम्ही आमच्याकडून घेतलेले पैसे अशा हातांना मिळायला हवे होते.

माझ्या मागण्या अशा : मांड्यांच्या कार्यक्रमाचे पाच जणांचे ३,२५० रुपये परत करावेत. माहितीपत्रकातला फोटो आणि मजकूर ताबडतोब काढावा, किंवा मांडे खरोखर खापरावर करून घेण्याची सोय करावी व करणाऱ्या बाईला त्याचा योग्य मोबदला द्यावा. आणि माझ्या सासूबाईंना फोन करून माफी मागावी. त्यांना रक्कम नको आहे.

सहल संपताना तुमच्या कार्यालयात तोंडी तक्रार केली, तेव्हा 'कळवतो' असं सांगण्यात आलं. अजून काहीही कळवलेलं नाही. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवून, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

आपली,
एक ग्राहक, जळगाव

सोबत : दोन्ही पावत्या, माहितीपत्रकाचे पान, हॉटेलातल्या बशीचे तीन फोटो.