बाबांच्या पद्मिनीचा रेडिओ बोलता करणाऱ्या कणकवलीच्या काकांना

काका, फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरां बरां, ठेव आता" म्हणून कट करता, म्हणून हे चारचौघांत लिहितोय. आता करा काय करायचं ते.

बाबांच्या पद्मिनी गाडीतला तो मीडियम वेव्हचा जुना रेडिओ. इंजिन बंद असलं की ११४३ वर रत्नागिरी आकाशवाणी अगदी स्वच्छ, आणि गाडी चालू केली की टकटकटकटक, ॲक्सिलरेटर दाबू तसा आवाज चढत जाणार, चढाला तर बातम्या मराठीत चालल्यात की कशात ते कळायचं नाही. बाबा तरी लावून ठेवायचे, हट्टी माणूस.

हे घेऊन कुठे कुठे हिंडलो ते विचारू नका. शहरातल्या एका मोठ्या ऑडिओवाल्याने रेडिओकडे ढुंकूनही न बघता ब्लूटूथवाला सेट पुढे केला आणि वर "हा भंगारात द्या" असं बाबांच्या तोंडावर. दुसऱ्या एका महाशयांनी टकटक दाबायला इग्निशन कॉइलला, म्हणजे प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या कॉइलला, कंडेन्सर लावला, तोही बॅटरीच्या बाजूला लावायचा सोडून पॉइंटच्या बाजूला! टकटक जागच्या जागी, उलट गाडीच अडखळायला लागली. पैसे मात्र रोख आणि आधी.

तुम्ही आधी बोनेटला हातच लावला नाहीत. बाबांच्या शेजारी जाऊन बसलात आणि म्हणालात, "चालू करा, आयकूया तरी काय म्हणता ता." मग डॅशच्या मागे हात घालून एरियलची पिन उपसलीत आणि टकटक गप. "रेडियोक काय एक जावक नाय, आवाज एरियलातसून येता." बाबांचा चेहरा बघायला हवा होतात, इतकी वर्षं सगळे रेडिओलाच शिव्या देत होते ना. खाऱ्या हवेनं एरियलच्या बुडाशी मडगार्ड गंजलेलं, अर्थिंगच मिळत नव्हतं. पुढचं सगळं, त्या प्लगच्या रेझिस्टरवाल्या कॅप, कंडेन्सर योग्य जागी, बोनेटला अर्थिंगची पट्टी, ते तुमचं तुम्हाला ठाऊक, मी नुसता टॉर्च धरून उभा.

पण मला सारखं आठवतं ते वेगळंच. काम झालं होतं, रेडिओ बोलत होता, आम्ही निघणारच होतो. तुम्ही घरात हाक मारून सूनबाईंकडून बिनरंगाचं नेलपॉलिश मागवलंत, चष्मा कपाळावर सरकवून मडगार्डच्या खाली वाकलात, आणि गंज काढताना जिथे पत्रा उघडा पडला होता तिथे त्या एवढ्याशा ब्रशने हात दिलात, फुंकर मारून सुकवलंत, वर अजून एक हात दिलात. "उघडां लोखांड ठेवूचा नाय, दर्या खाता." ती जागा कोणाला दिसणार नव्हती हो! पुन्हा गंजली असती तर आम्ही तुमच्याकडेच आलो असतो, तुमचंच गिऱ्हाईक वाढलं असतं. पॉश काउंटर आणि एसी लावून बसलेल्यांना एवढं साधं का सुचत नाही कळत नाही, पैसे घ्या की, पण समोरच्याचं म्हणणं दोन मिनिटं ऐका तरी.

आणि तुम्ही घेतलेत ते फक्त कॅपचे आणि कंडेन्सरचे. हे बाबांना अजिबात पटलेलं नाही. देवगडहून एसटीने हापूसची पेटी निघालीय, परत पाठवायची नाही. आत सूनबाईंसाठी नेलपॉलिशच्या बाटल्या आहेत, रंग बाबांनी स्वतः निवडलेत, त्याला मी जबाबदार नाही.