थंडीत रात्री फिरणाऱ्यांनो, आभार

नागपुरात 2018च्या डिसेंबरात पारा 3.5 अंशांवर आला होता. तशा थंडीत नुसतं ब्लँकेट वाटून भागत नाही. सीताबर्डीच्या फुटपाथवर झोपणाऱ्यांसाठी तुम्ही आधी खोक्यांचे पुठ्ठे दुपदरी अंथरलेत, त्यावर पोतं, मग ब्लँकेट. अंगातली ऊब खालची फरशीच जास्त ओढते, हे वाटणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं. कानटोपे, पायमोजे कोरडे दिलेत. शेकोटीतले टायरचे तुकडे काढायला लावलेत, तेही बरं केलंत. पण खरे आभार वेगळ्याचेच: ताडपत्री चहूबाजूंनी बांधून आत कोळशाची शेगडी ठेवणाऱ्यांना ती बाहेर काढायला लावलीत. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. नावं काही सांगितली नाहीत तुम्ही. उरलेले पुठ्ठे आडोशाला ठेवलेत; दवानं भिजले की ते कामाचे राहत नाहीत.