विडी कारखान्याच्या दारातच तपासणी सुरू करा

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सविनय नमस्कार.

4 फेब्रुवारीला कर्करोग दिन आला की तंबाखू सोडा, दारू टाळा, वजन आटोक्यात ठेवा, असे फलक सोलापुरातही लागतात. सल्ला खराच आहे. पण आमच्या पूर्व भागात हा सल्ला जिच्यापर्यंत पोचायला हवा, ती बाई दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळते आहे. तंबाखूची धूळ तिच्या हाताला, श्वासाला, शेजारी झोपलेल्या लेकराच्या अंथरुणाला लागते. सकाळी मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, दाताला लावल्याशिवाय तिच्या घशाखाली चहा उतरत नाही. याला ती व्यसन म्हणत नाही, दात घासणं म्हणते. सिगारेटच्या पाकिटावर इशारा छापता येतो. घरच्या तव्यावर भाजलेल्या मिश्रीवर कुठे छापणार?

गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, तरी टपरीवर पुडी मिळतेच. आणि तंबाखू नको म्हणून नुसती सुपारी चघळणारे कितीतरी आहेत. सुपारीनेही कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 च्या अहवालातच सांगितलं. आमच्या गल्लीत ते कुणी सांगितलेलं नाही.

तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी सरकारी कार्यक्रमातच आहे. मात्र मजुरी हजार विड्यांवर ठरते. दवाखान्यात दिवस घालवला तर तो दिवस बुडाला. दुखत नाही तोवर ती जाणार नाही, आणि कर्करोगाची पूर्वसूचना असू शकणारा तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा सुरुवातीला दुखतच नाही.

म्हणून माझी मागणी एवढीच आहे: विड्या मोजून द्यायला आणि पान-तंबाखू घ्यायला बायका ज्या कारखान्यांच्या शाखांवर येतात, तिथेच तपासणी ठेवा. बॅटरीच्या उजेडात तोंड बघायला काही मिनिटं पुरतात. सोबत समुपदेशक हवा, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारा. काम सोड असं तिला सांगू नका, चूल त्यावर चालते. मिश्री कशी सुटेल ते सांगा, आणि ती सुटेपर्यंत पाठपुरावा करा.

गर्भाशयमुखाच्या तपासणीसाठी लांब बघायची गरज नाही. शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने (हा कर्करोग घडवणारा विषाणू शोधणारी चाचणी) या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, असा त्याचा निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. आमच्या बार्शीत तर 1987 पासून देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. माहिती आणि अनुभव इथेच असताना विडी कामगार बाईला ही चाचणी अजून का मिळू नये?

येत्या जानेवारीतल्या गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेआधी निदान एका शाखेवर ही तपासणी सुरू करावी, आणि कोणत्या शाखेवर, कोणत्या तारखेला, हे लेखी कळवावं.

आपली,
पूर्व भागातील एक रहिवासी, सोलापूर