पदराची उलटी बाजू

मा. संपादक,
स.न.वि.वि.

महाराणी ताराबाईंवरची मालिका आमच्याकडे रोज रात्री लागते. पैठणात माझ्या माहेरी माग आणि सासरीही माग, त्यामुळे पडद्यावर मला माणसाआधी पदर दिसतो. परवा राणीसाहेब घोड्यावरून उतरल्या, पदर वाऱ्यानं पलटला आणि मागं सुटे धागे लोंबताना दिसले. हातमागाच्या पैठणीला उलटी बाजू नसते. मोर पुढूनही मोर, मागूनही मोर. असो, खरी नेसवायची तर निर्माता कर्जात जाईल.

पण ताराबाईंचे पती राजाराम महाराज मार्च १७०० मध्ये सिंहगडावर वारले, हे दाखवून झाल्यावरही राणीला रोज नवी भरजरी पैठणी आणि ठसठशीत कुंकू? सासूबाई म्हणाल्या, "हिला नवरा गेल्याचं ठाव हाय का न्हाई?"

मला खरा राग आलाय तो वेगळ्याच गोष्टीचा. राजसबाईंशी सवतीमत्सर आठवडेच्या आठवडे चालला आणि लढाई निवेदकानं दोन वाक्यांत उरकली. पंचविशीतली विधवा, पदरात लहानगा मुलगा, दुसरा शिवाजी, समोर ऐंशी ओलांडलेला औरंगजेब जातीनं गड घ्यायला निघालेला. सातारा, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड एकेक करून गेले. पण मराठ्यांची रीत बघा: पावसाळ्यापर्यंत गड झुंजवायचा, मग रक्कम घेऊन खाली करायचा आणि बादशाही फौज हलली की परत घ्यायचा. त्याच वेळी आपल्या फौजा माळवा-गुजरातेत घुसवायच्या. तिच्या हुशारीची वाखाणणी मोगलांकडचा इतिहासकार खाफीखानसुद्धा करून गेला, आणि आमचे पटकथाकार अजून सवतीच्या ताटातच अडकलेत!

आमच्या भागातल्या शाळांच्या सहली खुलताबादला जातात, पोरं बादशहाची कबर बघून येतात. त्या म्हाताऱ्याला गडोगड कुणी फिरवलं, हे त्यांना या मालिकेतून कळायला हवं होतं.

शेवट १७०७ वरच, औरंगजेबाच्या मृत्यूवर करतील, अशी मला भीती आहे. पुढची ताराबाई गैरसोयीची आहे ना! तिनं संभाजी महाराजांचे पुत्र शाहू महाराज यांचा गादीवरचा हक्क मानला नाही. १७१४ मध्ये राजसबाईंच्या बाजूच्या लोकांनी पन्हाळ्यावर तिलाच कैद केलं. आणि १७५० मध्ये, पंचाहत्तरीला, साताऱ्याच्या गादीसाठी नातू म्हणून स्वतः पुढं केलेल्या रामराजालाच तिनं साताऱ्यावर कोंडलं, कारण तो पेशव्याला दूर करीना. चूक होती की बरोबर, यावर आमच्या घरात दोन तट आहेत. ते भाग दाखवाच. फक्त तेव्हा तरी लुगडं सुती नेसवा.

आपली,
एक विणकर, पैठण