एकच चूक, चौघांच्या पेपरात

सोलापूर,
२७ जानेवारी

प्रिय सुम्या,

तुझं पत्र मिळालं. होस्टेलवर फोन काढून घेतात म्हणून का होईना, तू पेन हातात धरलंस. तुझं अक्षर वाचायला आमच्या घरात तिघं बसली होती. ‘तुम्ही सगळे काय करलालाव बे तिकडं?’ असं विचारलंयस. सांगतो, पण आधी माझी फजिती सांगायला पाहिजे. नाहीतर नागेश लिहील आणि तो वाढवून लिहील.

तू लातूरला गेल्यावर आमची दहावीच्या अभ्यासाची बैठक नागेशच्या घरी गेली. खाली चार माग, वर ती खोली, तुला माहीत आहेच. मी, नागेश, श्रीशैल आणि जबीन, धडे वाटून घेऊन एकमेकांना शिकवतो. जबीनला न्यायला तिचा भाऊ नऊला येतो, म्हणून अवघड धडे आधी आणि पाठांतर नंतर. नागेशच्या घरात तेलुगू, श्रीशैलच्यात कन्नड, जबीनच्यात उर्दू. मराठी घरातला मी एकटा. पण ‘अपवर्तन’ हा शब्द माझ्याही घरात कुणी कधी उच्चारलेला नाही, त्यामुळं तिथं सगळे सारखेच.

मागांचा आवाज चालू असला की शिकवणाऱ्याला ओरडावं लागतं. अर्धवट येत असलं की आपण कसं पुटपुटतो, तसं चालत नाही. परवा श्रीशैल अप्रकट उष्मा शिकवत होता. त्याच्या वडिलांची चहाची टपरी, त्यामुळं वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा जास्त का बसतो हे त्याला लहानपणापासून ठाऊक. कारण मात्र यंदा कळलं. दोन्ही १०० अंशांवरच, पण वाफेचं पाणी होताना ग्रॅममागं ५४० कॅलरी बाहेर पडतात, त्या सगळ्या हातावर. हे तो इतक्या मोठ्यानं ओरडला की खालून नागेशच्या आईनं विचारलं, कोण भाजलं?

नागेशचं वेगळंच. पाठांतर शून्य, पण प्रश्न असे काढतो की झोप उडते. मोटार कुठल्या दिशेला फिरेल ते सांगणारा फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम चालू होता, तर म्हणाला, ‘वीज दिली की मोटार फिरते, मग आपण फिरवली तर वीज यायला पाहिजे की.’ पुस्तकात ते चार पानं पुढं होतं. आम्ही खेळण्यातली मोटार शाळेत नेली, वीज वाहते का ते दाखवणाऱ्या गॅल्व्हानोमीटरला जोडली आणि हातानं फिरवली. काटा हलला. तेव्हापासून मोटारीला डावा आणि जनित्राला उजवा हे त्याला सांगावं लागलेलं नाही.

आता माझं. ‘भिंगे व त्यांचे उपयोग’ हा धडा माझ्याकडं होता. गणितं मला येतात असं सगळ्यांना वाटतं, मलाही वाटायचं. मी गणित घातलं: बहिर्वक्र भिंग, नाभीय अंतर २० सेंटीमीटर, वस्तू ३० सेंटीमीटरवर. प्रतिमा ६० सेंटीमीटरवर आली, तिथवर सगळं बरोबर. मग विशालन, म्हणजे प्रतिमा वस्तूच्या किती पट. नववीत आरशाला आपण उणे व्ही भागिले यू, म्हणजे प्रतिमेचं अंतर भागिले वस्तूचं अंतर, करायचो ना, ते माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. पुस्तक उघडायची गरजच वाटली नाही. भिंगाला ते उणे नसतं, नुसतं व्ही भागिले यू. मी उणे लावलं, वस्तूचं अंतर आधीच उणे ३०, दोन्ही उणे गेले आणि उत्तर अधिक २. अधिक म्हणजे सुलट. मी ऐटीत सांगितलं, प्रतिमा वास्तव, सुलट आणि दुप्पट.

श्रीशैल म्हणाला, ‘वास्तव, म्हणजे पडद्यावर पडणारी प्रतिमा उलटी असते की. वास्तव असून सुलट कसं बे?’

आणि मी काय म्हणालो माहीत आहे? ‘सूत्र सांगतंय ना, मग लिही गप.’ तो गप बसला. चौघांनीही लिहून घेतलं.

पूर्वपरीक्षेत विज्ञान भाग १ च्या ४० गुणांत नेमकं तसंच गणित आलं. पेपर तपासून झाल्यावर बाईंनी आम्हा चौघांना बोलावलं. टेबलावर चार उत्तरपत्रिका शेजारी शेजारी मांडलेल्या आणि चारही ठिकाणी लाल गोल. ‘वास्तव, सुलट व दुप्पट.’ शब्दही तेच, क्रमही तोच. बाई म्हणाल्या, ‘बरोबर उत्तर सारखं असतं, हे मला कळतं. चूक सारखी कशी? कुणी कुणाचं बघून लिहिलं?’

जबीन दुसऱ्याच वर्गात बसली होती. ती शांतपणे म्हणाली, ‘बघून नाही बाई, ऐकून लिहिलं.’

मग माझ्याकडं कुणीही बघितलं नाही, हे जास्त लागलं. मीच सांगितलं की मी शिकवलंय. बाई रागावल्या नाहीत, हसल्याही नाहीत. ‘पडद्यावर पाडून बघितलंस का?’ एवढंच विचारलं.

त्याच रात्री बघितलं. आमच्या आजोबांचं पेपर वाचायचं भिंग नेलं. समोरच्या खिडकीचा उजेड भिंतीवर बारीक करून मोजपट्टी लावली, तर नशिबानं नाभीय अंतर जवळजवळ २० च निघालं. नागेशनं खोलीतला दिवा घालवला. मेणबत्ती ३० वर, पलीकडं ६० च्या आसपास पाठकोरा कागद पुढंमागं सरकवत जबीन उभी. एकदम ज्योत नीट दिसली. मोठी, पिवळी, आणि टोक खाली करून लटकलेली! खाली माग चालू होते, त्यामुळं ज्योत सारखी थरथरत होती. श्रीशैल काहीच बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं. मीच त्याला म्हणालो, ‘तू विचारलं होतंस.’ तो म्हणाला, ‘हो. पण तू जोरात बोलतोस ना.’

आता शिकवणाऱ्यासमोर पुस्तक दुसऱ्याच्या हातात असतं. ज्याला तो धडा सगळ्यात कमी येतो त्याच्या हातात, आणि ओळ न जुळली की त्यानं टेबलावर थाप मारायची. आमचा निम्मा वेळ थापांतच जातो. पण प्राण्यांचं वर्गीकरण जबीननं घेतलं तेव्हा एकही थाप पडली नाही, हेही लिहितो, नाहीतर ती वाचून चिडेल.

तू लिहिलंयस की तिकडं वह्या कुलपात ठेवतात. आमच्यात कुलूप नाही, पण बघ, उघड्या वहीतूनही चूक पसरते. तरी तू इथं असायला हवा होतास, असं श्रीशैलही म्हणतो. तू माझं तोंड धरलं असतंस.

गड्ड्याची जत्रा अजून आहे होम मैदानावर. पाळण्यात बसलो नाही, वेळ नव्हता. आईनं शेंगा चटणी आणि कडक भाकरी दिल्यात, तुझा मामा शनिवारी येतोय त्याच्याबरोबर पाठवतो. एकट्यानं खाऊ नकोस.

आणि एक गणित सोडवून पाठव: अंतर्वक्र भिंग, नाभीय अंतर २० सेंटीमीटर, वस्तू ३० वर. प्रतिमा कुठं, विशालन किती, चिन्हासकट. उत्तर जबीनकडं आहे. माझ्या उत्तराला सध्या इथं कुणी विचारत नाही.

तुझा,
पव्या