पन्नाशीला कुठली बाटली?

एडिनबर्ग

प्रिय दादा,
सप्रेम नमस्कार.

पन्नाशी एकदाच येते, व्हिस्की आणायची तर 25 वर्षांचीच आण, असं तू फोनवर म्हणालास. तू म्हणशील ती आणेनच, पण पैसे मोजण्याआधी हे पत्र शांतपणे वाच.

गेल्या शनिवारी एका मित्राकडे ग्लेनफार्क्लस या स्कॉच व्हिस्कीची 15 आणि 25 वर्षांची बाटली शेजारी शेजारी ओतून चाखायला मिळाली. वयाचा फरक कळायला याहून चांगली जोडी नाही. डिस्टिलरी, म्हणजे दारू गाळण्याचा कारखाना, एकच, स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागातली, 1865 पासून ग्रांट घराण्याकडे असलेली. पिंपंही दोन्हींना ओलोरोसो शेरीचीच, म्हणजे त्या गडद स्पॅनिश वाइनची. म्हणजे मधे उरतात ती मुख्यतः पिंपातली वर्षं.

25 चा वास घेतला आणि काही वेळ ग्लास नाकापासून हलवावासा वाटेना. अक्रोड, वाळलेली संत्र्याची साल, जुन्या लाकडी पेटीचा वास. घोट मात्र वासाइतका भरघोस नव्हता. जिभेवर हळूहळू उलगडत गेला आणि शेवटी चांगलाच तुरट झाला, अगदी हिरड्यांना जाणवेल इतका. मग 15 घेतली. मनुका, दालचिनी, थोडं आलं, आणि मागे माल्टची, म्हणजे मोड आणलेल्या बार्लीची, गोडी स्पष्ट. तोंड भरून चव, 46 टक्के अल्कोहोलचा दम. 25 मात्र 43 टक्क्यांची आहे. मित्राला 25 आवडली, मला 15. परत परत आलटून पालटून घेतल्या तरी माझं मत बदललं नाही.

याचं कारण पिंपात आहे. कायद्याने स्कॉचला निदान तीन वर्षं ओकच्या पिंपात, तेही स्कॉटलंडमध्येच, राहावं लागतं. लाकूड तिला रंग देतं, व्हॅनिलाचा गोडवा देतं, कोवळ्या दारूचा उग्रपणा काढून घेतं. पण ते देणं कुठे थांबवायचं हे लाकडाला कळत नाही, तुरटपणाही त्याचाच. शिवाय दरवर्षी सुमारे दोन टक्के माल पिंपातून उडून जातो. त्याला इथे देवदूतांचा वाटा म्हणतात. 500 लिटरच्या पिंपात 25 वर्षांनी जेमतेम 300 लिटर उरतं. इथल्या दमट गारठ्यात पाण्यापेक्षा अल्कोहोल जास्त उडतं, म्हणून जोरही उतरत जातो. 40 टक्क्यांच्या खाली गेली तर तिला स्कॉच म्हणून विकताच येत नाही. 25 ची किंमत 15 च्या तिपटीहून जास्त असते, त्यात या उडून गेलेल्या मालाचे आणि अडकून पडलेल्या वर्षांचे पैसे आले. चव तिप्पट होत नाही. तू गोव्याहून पॉल जॉन आणतोस ना, तिच्या पिंपांतून तिथल्या उकाड्यात याच्या कितीतरी पट माल उडतो. म्हणून ती थोड्या वर्षांतच तयार होते, आणि तिचं वय इथल्या वयाशी ताडून बघण्यात अर्थ नाही.

धुराच्या व्हिस्कीत तर वय आणखी उघड दिसतं. स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या लॅगाव्हुलिनची 8 आणि 16 वर्षांची उदाहरणाला घे. दोन्हींची बार्ली पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या कुजलेल्या झाडपाल्याच्या जळणाच्या, धुरावर सुकवलेली. पण 8, फिकट पिवळी, 48 टक्क्यांची, हुरड्याच्या आगटीजवळ बसून आल्यावर सदऱ्याला येतो तसा धूर थेट नाकात सोडते, आणि पाठोपाठ लिंबू आणि मीठ. 16 मध्ये धूर मागे सरकलेला असतो. आधी सुकामेवा, चहाचा कडक अर्क, आयोडीन, आणि मग खूप वेळ रेंगाळणारा धूर. वर्षांगणिक फिनॉल, म्हणजे धुराचा वास देणारी रसायनं, कमी होत जातात, त्यामुळे ज्याला धूरच हवा त्याने कोवळी घ्यावी. मला इथे मात्र 16 च आवडते. एकदा कमी वय, एकदा जास्त, असं तुला वाटेल. मी वय बघून ठरवतच नाही, त्या पिंपातल्या मालाला पुरेसा वेळ मिळाला का, एवढंच बघतो.

एक महत्त्वाचं. तुझ्या कपाटात जपून ठेवलेली ग्लेनफिडिक 12 अजूनही 12 वर्षांचीच आहे. बाटलीत भरली की वय थांबतं. आणि लेबलवरचा आकडा आतल्या सगळ्यांत कोवळ्या व्हिस्कीचा असतो. ती बाटली आडवी असेल तर आजच उभी कर. वाइनला आडवी ठेवणं मानवतं, हिच्या अल्कोहोलने बूच कुजतं. आणि उगाच ठेवू नकोस, उघड आता.

पिताना बर्फ टाकू नकोस, थंड झाली की वास दबतो. सोडा तर नकोच. आधी तशीच एक घोट घे, मग चमच्याने पाण्याचे चार-पाच थेंब. 2017 मध्ये स्वीडनच्या दोन संशोधकांनी दाखवलं की पाणी घातल्यावर ग्वायकॉल, म्हणजे धुराच्या वासाचा एक रेणू, पृष्ठभागाकडे सरकतो. थेंब पडल्यावर लॅगाव्हुलिनचा वास वर येतो तो असा. ग्लास रुंद नको, तोंड निमुळतं हवं. तसे दोन घेऊन येतो.

आता माझा बेत सांगतो. विमानाने येताना भारतात कर न भरता दोन लिटर आणता येते. इथली बाटली 700 मिलिलिटरची, म्हणजे दोन बसतात, तिसरी नाही. ग्लेनफार्क्लस 15 आणि लॅगाव्हुलिन 16 अशी जोडी आणावी असं माझं म्हणणं आहे. दोन्ही मिळून 25 च्या एका बाटलीपेक्षा स्वस्त पडतात आणि तुझ्या मित्रमंडळींनाही फरक चाखता येईल. तरी 25 वरच मन असेल तर मोकळेपणाने सांग, वाढदिवस तुझा आहे. येत्या रविवारपर्यंत कळव, म्हणजे खरेदीला वेळ मिळेल.

आईबाबांना शिरसाष्टांग नमस्कार. वहिनीला सांग, तिच्यासाठी शॉर्टब्रेड बिस्किटं घेतली आहेत.

तुझा धाकटा