सुभेदार काका, आबांची डिसेबिलिटी पेन्शन मंजूर झाली

आदरणीय सुभेदार काका,
सा. न. वि. वि.

बातमी तुम्हाला फोनवर कळली आहेच. पण तुमचं नाव चारचौघांत घ्यायचं राहिलं होतं, म्हणून हे जाहीर पत्र.

आबा सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले तेव्हा मेडिकल बोर्डाने रक्तदाबापोटी ३० टक्के अपंगत्व लिहिलं आणि खाली एक ओळ ठोकून दिली: आजार सेवेमुळे झालेला नाही, सेवेमुळे वाढलेलाही नाही. म्हणजे डिसेबिलिटी पेन्शन नाही. पहिल्या अपिलाला हेच उत्तर, दुसऱ्यालाही हेच. बदलली ती फक्त तारीख. आम्ही फाइल माळ्यावर टाकून मोकळे झालो होतो.

ती तुम्ही खाली काढायला लावलीत. चष्मा कपाळावर सरकवून कागद डोळ्यांजवळ नेलात नि म्हणालात, "नाकारण्याचं कारण कुठंय यात?" मग भरतीच्या वेळचा मेडिकलचा कागद शोधायला लावलात. त्यात रक्तदाबाचं नावही नव्हतं. भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार पुढे निघाला तर तो सेवेतलाच धरायचा, आणि तसं नाही म्हणायचं तर बोर्डाने कारणं द्यायची, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली धरमवीर सिंह प्रकरणात सांगून ठेवलंय. आम्हाला याचा पत्ताच नव्हता. मुंबईच्या सशस्त्र सेना न्यायाधिकरणापुढे वकिलांनी नेमका हाच मुद्दा लावून धरला. ब्रॉडबँडिंगने, म्हणजे अपंगत्वाची टक्केवारी वरच्या ठरावीक टप्प्यावर नेण्याच्या नियमाने, पेन्शनसाठी ३० चे ५० टक्के धरतात, हेही तुमच्याकडूनच कळलं.

एवढं करून तुम्ही घेतलात तो फक्त चहा. तोही बिनसाखरेचा!

मेळाव्यात तुम्ही बोललात ते मात्र मला फार पटलं. निकाल २०१३ चा, मग प्रत्येक जवानाने तेच भांडण नव्याने कोर्टात का न्यायचं? मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१५ मध्ये नेमलेल्या तज्ज्ञ समितीनेही असले खटले कमी करण्याचे उपाय सुचवले होते. अपील फेटाळताना केसनिहाय कारण लिहिणं सक्तीचं करा आणि बोर्डाच्या कागदांची प्रत निवृत्तीच्या दिवशीच जवानाच्या हातात ठेवा, ही तुमची मागणी ऐकून व्यासपीठावरचे साहेब उगाच कागद चाळू लागले. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

शेजारच्या गावातल्या एका नाईकांचं गुडघ्याचं अपील असंच अडकलंय. आबा त्यांना घेऊन रविवारी तुमच्याकडे येताहेत. भरतीचे कागद सोबत घ्यायला सांगितलंय.

आपली,
हवालदारांची थोरली